बहुधा मॅडम

कुंदाताई बांगडे घ्यायला बसल्या की त्यांच्या मागे गिऱ्हाइकं खोळंबायची. टोपलीतला एकेक बांगडा उचलायचा, कल्ला उघडून आतला रंग बघायचा, अंगठ्याने पोट दाबायचं आणि पास झाला तर पिशवीत, नाहीतर परत टोपलीत. डझनभर बांगड्यांना पंधरा मिनिटं. जना मासेवाली कपाळाला हात लावायची.

"मॅडम, एक बघितलात म्हणजे सगळे बघितलात. एकाच जाळ्यातले हायत."

"नाही जना. एक बघितला म्हणजे एकच बघितला."

"मग आता बाकीच्यांचे काय पेपर तपासणार?"

"तपासतेच आहे," असं म्हणून त्यांनी पुढचा बांगडा उचलला.

मागे खोळंबलेल्यांत त्या दिवशी मी होते. कऱ्हाडहून रत्नागिरीत येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले होते आणि मासळीबाजारात नाकाला पदर लावून उभी होते. कुंदाताईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू ती नवी जीवशास्त्राची ना? मुलांना मासा कापायला शिकवतेस आणि घ्यायची वेळ आली की नाक धरतेस? बस अशी इथे." मी बसले. पुढची अकरा वर्षं त्यांच्याजवळून उठले नाही, असं म्हणायला हरकत नाही.

त्या आमच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायच्या. परतताना रिक्षात त्यांनी मला पहिला धडा दिला, मागितलेला नसताना. "हे बघ. या टोपलीत फक्त बांगडे आहेत, असं जना म्हणाली. ते खरं धरलं, तर डोळे मिटून हात घातलास तरी काय लागेल?"

"बांगडा."

"नक्की की बहुधा?"

"नक्की."

"हा निगामी युक्तिवाद. टोपलीत होतं तेच हातात आलं, जास्त काही नाही, म्हणून तो पक्का. फक्त टोपलीबद्दल सांगितलेलं खरं हवं. आता मी तीन बांगडे बघितले, तिन्ही ताजे निघाले आणि म्हटलं की सगळी टोपली ताजी. म्हणजे बघितले तीन आणि बोलले तिसांबद्दल. हा विगामी. तो खरा निघतोही, पुष्कळदा निघतो. पण निघेलच असं नाही. माणसं या दोघांत घोटाळा करतात आणि मग शिळे मासे खातात."

रिक्षावाला मध्येच म्हणाला, "बरोबर बोलताव मॅडम," आणि कुंदाताईंनी त्याला विचारलं, "कशावरून?"

हे 'कशावरून' त्यांच्या ओठांवर बसलेलंच असायचं. शिपाई म्हणाला की आज प्राचार्य रागात आहेत, की 'कशावरून?' कोणी म्हणालं की राजापूरची गाडी उशिराच येते, की 'आजवर तशी आली म्हणून म्हणतोस की वेळापत्रकात तसं लिहिलंय?' वर्गात शिरल्या की आधी फळ्यावर मधोमध रेघ मारायच्या. डाव्या बाजूला 'ठरलंच', उजव्या बाजूला 'बहुधा'. मग मुलांनी एकेक वाक्य सांगायचं आणि ते कुठे लिहायचं यावर भांडायचं. आर्ट्‌सची जेमतेम पंधरा-वीस मुलं असायची, आसपासच्या गावांतून एसटीने येणारी. पण त्या वर्गातला आरडाओरडा माझ्या प्रयोगशाळेपर्यंत ऐकू यायचा. एकदा एका मुलीने सांगितलं, "सगळे खलाशी पोहतात, बाळू पोहतो, म्हणून बाळू खलाशी." कुंदाताई शांतपणे म्हणाल्या, "बाळू बदक असेल." पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'बहुधा मॅडम'. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकदा मला म्हणाल्या, "यांच्यातल्या एकाने जरी पुढे आयुष्यात कुणाचं ऐकताना मनात रेघ मारली, तरी माझा पगार वसूल झाला."

मला खोली त्यांनीच मिळवून दिली, त्यांच्या शेजारची. एका मजल्यावर दोन बिऱ्हाडं: इकडे मी, तिकडे कुंदाताई आणि त्यांची भावजय रेखा. रेखावहिनी माझ्याच वयाची, बालवाडीत शिकवायची. कामाला वाघ आणि बोलायला मांजर. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. मी आपलं धरून चालले की नवरा मुंबईला असेल. इथल्या अर्ध्या घरांतले पुरुष मुंबईलाच असतात. गणपतीतही कोणी आलं नाही तेव्हा मी मूर्खासारखं विचारलं, "रजा नाही मिळाली का त्यांना?" रेखावहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं आणि ती आत गेली. कुंदाताईंनी मला बाहेर जिन्यावर नेलं आणि सुधाची गोष्ट सांगितली.

सुधाकर त्यांचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी लहान. पूर्णगडला खारवीवाड्यात, मासेमारांच्या वस्तीत, त्यांचं घर. सुधा दोन वर्षांचा असताना आई गेली, त्याला कुंदाताईंनीच वाढवलं. त्या शाळेत जाताना तो कमरेवर असायचा, आणि पुढे कॉलेजसाठी त्या रत्नागिरीला आल्या तेव्हा आठवड्यातून दोनदा एसटीने जाऊन त्याला बघून यायच्या. स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. त्याने शिकावं म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं; पण बापाचं रक्त. दहावी झाली आणि हा होडीवर. त्याचं लग्न त्यांनीच लावून दिलं. दोन वर्षं झाली असतील नसतील, पावसाळा सरल्यावर एका दुपारी तो आणि आणखी दोघे पूर्णगडच्या खाडीतून बाहेर पडले आणि संध्याकाळी अचानक वारं सुटलं. होडी दुसऱ्या दिवशी उलटी सापडली. एकाचा मृतदेह त्याच दिवशी किनाऱ्याला लागला, दुसऱ्याचा तिसऱ्या दिवशी. सुधा लागला नाही.

"म्हणजे..." मी म्हटलं.

"म्हणजे काही नाही," कुंदाताई म्हणाल्या. "दोघे मिळाले, एक मिळाला नाही. एवढंच माहीत आहे. त्याच्या पुढचं जो तो आपल्या मनाने बोलतो."

हे सांगताना त्यांचा आवाज वर्गातला होता. डोळे मात्र जिन्याच्या दाराकडे लागले होते. पुढे कितीदा तरी मी ते बघितलं. खाली फाटक वाजलं की बोलता बोलता त्या थांबायच्या, पावलं वर येऊन दुसरीकडे वळली की तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायच्या.

त्यांच्या त्या तर्काने रेखावहिनीला पुष्कळ सांभाळलंही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. संक्रांतीनंतर आमच्या एका सहकारी बाईंकडे हळदीकुंकू होतं. रेखावहिनीला कुंदाताई मुद्दाम घेऊन आल्या होत्या. कुंकवाची कोयरी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली आणि त्या बाई तिला ओलांडून माझ्याकडे वळल्या. खोलीत एकदम सगळ्यांना आपापल्या साडीची किनार दिसायला लागली. कुंदाताई जागच्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "रेखाला राहिलं," त्या म्हणाल्या. बाई चाचरत म्हणाल्या, "अहो, पण तिचे मिस्टर..." "तिचे मिस्टर काय? तुम्ही बघून आलात? ज्याने बघितलंय त्याने सांगावं, नाहीतर कुंकू लावावं." बाईंनी लावलं. घरी येताना रेखावहिनी रडत होती आणि कुंदाताई तिला म्हणत होत्या, "डोळे पूस गो. तू कोण आहेस हे त्या ठरवणार काय?"

आमचे वादही रंगायचे. जीवशास्त्र म्हणजे त्यांच्या लेखी 'बहुधाचा बाजार'. "तुमचं सगळं शास्त्र म्हणजे दहा बेडूक फाडायचे आणि जगातल्या सगळ्या बेडकांची खात्री द्यायची." मी चिडायचे आणि त्या खुशीत चहा टाकायच्या. एका वैशाखात मी कऱ्हाडला आंब्याची पेटी पाठवायची ठरवली. बागवाल्याच्या घरी दोन आंबे कापून बघितले, साखर! पेटी गेली, आणि चार दिवसांनी आईचा फोन, की निम्म्या आंब्यांत साका. आतून पांढरा, आंबट गोळा. बाहेरून हापूस देखणाच दिसतो. मी वैतागून कुंदाताईंकडे गेले. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या हसल्या. "दोन कापलेस आणि चार डझनांची ग्वाही दिलीस, हे खरंच. पण सगळे कापून बघितले असतेस तर पाठवलं काय असतंस? साली? आंबा असाच पाठवायचा असतो गो, भरवशावर. फक्त भरवसा आहे हे लक्षात ठेवायचं."

इतकं स्वच्छ ज्यांना दिसत होतं, त्यांना एकाच ठिकाणी दिसत नव्हतं.

सुधाला जाऊन आठ वर्षं होत आली तेव्हा खेडहून रेखावहिनीची मावशी आली. तिच्याकडे स्थळ होतं. खेडच्या एसटी स्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेला विलास नावाचा माणूस. बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही, घरी म्हातारी आई. त्याने रेखावहिनीला मावशीकडच्या एका लग्नात पाहिलं होतं, सगळं ऐकलं होतं आणि तरी विचारलं होतं. मावशी हे सांगत असताना रेखावहिनी दारात पालेभाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी तिला नंतर एकटीला गाठून विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" ती म्हणाली, "ताई काय म्हणतील तसं." मी म्हटलं, "ताईंचं नंतर. तुझं?" ती म्हणाली, "माणूस बरा वाटला." तिच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळच होतं. छत्तीस वर्षांची बाई. अजून तिचं स्वतःचं घर, स्वतःचं मूल होऊ शकत होतं, आणि दिवस हातातून चालले होते.

वकिलांनी सांगितलं की अवघड काही नाही. सात वर्षं ज्याची खबर नाही, तो हयात नाही असं कायदा मानतो. कोर्टात अर्ज करायचा. फक्त ज्याला त्याची खबर लागली असती अशा अगदी जवळच्या माणसाने शपथेवर सांगायला हवं की आजपर्यंत काही कळलेलं नाही. अर्ज रेखावहिनीचा, म्हणजे सांगायचं कुंदाताईंनी.

कुंदाताई नाही म्हणाल्या.

मावशी रडली, चिडली, शेवटी तोंडाला येईल ते बोलून खेडला निघून गेली. कुंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच गेले. "ताई, तुम्हाला खोटं बोलायचं नाहीये. खबर नाही एवढंच सांगायचंय, आणि ते खरं आहे."

"आणि त्यावरून कोर्ट म्हणणार की तो मेला. माझ्या खऱ्या वाक्यातून त्यांचा खोटा निष्कर्ष निघणार. कायद्याने मानणं वेगळं आणि असणं वेगळं."

"आठ वर्षं झाली ताई. बहुधा..."

"बहुधावर माणूस मारायचा?" त्या ताडकन म्हणाल्या. मग टेबलावरचा एक कागद ओढून त्यांनी त्यावर वर्गातल्यासारख्या तीन ओळी लिहिल्या आणि माझ्यासमोर सरकवल्या. 'दर्यात मेलेल्या माणसाला दर्या किनाऱ्याला आणून टाकतो. सुधाकरला दर्याने आणून टाकलेलं नाही. म्हणून सुधाकर दर्यात मेलेला नाही.'

"हं. काढ चूक."

आठ वर्षं त्या या कागदावर जगत होत्या, हे मला तेव्हा कळलं. कुठेतरी लागला असेल, दुसऱ्या कुठल्या बोटीने उचलला असेल, डोक्याला मार लागून नाव विसरला असेल, हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. पण या तिसऱ्या ओळीच्या मागे ते सगळं होतं. मी ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. बांधणीत चूक नव्हती. पहिली दोन खरी असतील तर तिसरं ठरलंच. मी हरून कागद परत देणार होते, आणि मग त्यांनीच मला शिकवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"ताई, पहिली ओळ कशावरून?"

"म्हणजे?"

"दर्या प्रत्येकाला परत आणतो, हे कशावरून?"

"वाड्यात लहान पोरालाही माहीत आहे ते. तिसऱ्या दिवशी, नाहीतर आठव्या. होडी चालवणारे म्हातारे तांडेल सांगत आलेत. दर्या माणूस ठेवून घेत नाही."

"किती माणसं बघून सांगतात?" मी विचारलं. "आणि जे आले नाहीत, ते कोणी मोजले?"

कुंदाताईंनी कागद आपल्याकडे वळवला आणि पहिली ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. तीस वर्षं मुलांना ज्या चुकीपासून हात धरून बाजूला केलं, ती त्यांनी स्वतः केली होती: बहुधाचं एक वाक्य उचलून त्याच्यावर ठरलंचची इमारत बांधली होती. आणि ते दाखवणारी मी कोण? काल आलेली, मासे ओळखायला त्यांच्याकडून शिकलेली. मला माझीच चीड आली. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहेस? पूर्णगडला जाऊ या. मोजू या."

आम्ही गेलो. किल्ल्याच्या खालच्या अंगाला वाडा, समोर मुचकुंदी नदी समुद्राला मिळते ते मुख, उन्हात वाळत घातलेली जाळी. कुंदाताईंनी शाळेची वही आणली होती. घरोघर जायचं, पाणी घ्यायचं, इकडचं तिकडचं विचारायचं आणि मग सरळ विचारायचं, "तुमच्या घरातलं कोणी दर्याला गेलं आणि आलंच नाही, असं कोण आहे काय?" पहिल्या घरात कोणी नव्हतं. दुसऱ्या घरातला म्हातारा तांडेल आधी नाही म्हणाला, मग जाळं शिवायचा हात थांबवून म्हणाला, "म्हणजे, माझा चुलता नाय आला. गणू." वहीत गणू. पलीकडच्या घरात एक आजा आणि त्याचा भाचा. त्यापुढे एका बाईचा दीर, ज्याचं नावसुद्धा घरात कोणी आठ-दहा वर्षांत काढलं नव्हतं. जेवणवेळेपर्यंत वहीत नऊ नावं झाली होती, आणि वाडा अजून निम्मा बाकी होता.

शेवटी आम्ही काशीआजीकडे बसलो. नव्वदीची बाई, दृष्टी गेलेली. कुंदाताईंना आवाजावरून ओळखलं. तिचा थोरला मुलगा असाच गेलेला. हे कुंदाताईंना लहानपणापासून माहीत होतं आणि तरी कधी आठवलं नव्हतं. वहीत दहावं नाव लिहून झाल्यावर कुंदाताईंनी विचारलं, "आजी, मग सगळे कशाला सांगतात की दर्या ठेवून घेत नाही? सुधा हरवला तेव्हा तूच मला पहिल्यांदा सांगितलं होतंस."

आजीने चाचपडत त्यांचा हात धरला. "मग काय सांगू, बाय? तू तिथं पुळणीच्या वाळूत जाऊन बसली होतीस, दोन दीस पाण्याचा थेंब घेतला नव्हतास. तुला उठवायला पायजे होतं. मला पण असंच सांगून उठवलं होतं."

कुंदाताईंनी वही मिटली. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून त्या रडल्या, मोठ्याने, लहान मुलीसारख्या. मी बाहेर पडवीत जाऊन उभी राहिले. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला, आठ वर्षांनी, त्या घरात सुधा गेला.

पुढच्या महिन्यात त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्या मते ते हयात आहेत काय?" कुंदाताई म्हणाल्या, "बहुधा नाहीत." वकील गोंधळून बघायला लागले. कुंदाताई पुढे म्हणाल्या, "माणसाला एवढंच कळू शकतं, साहेब. आणि एवढ्यावर पुढे जायला हरकत नसावी."

कोर्टाचं सगळं आटोपून निकाल लागला, आणि दिवाळीनंतर खेडला रेखावहिनीचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून पहिली सही कुंदाताईंची. त्यांनी स्वतः तिच्या हातात नवा चुडा भरला, विलासच्या आईला बाजूला घेऊन "ही बोलत नाही, विचारावं लागतं" असं बजावलं आणि येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. घरी आल्यावर सवयीने दोन कप चहा टाकला. मग मला हाक मारली.

सुधा हरवल्याला बारा वर्षं पुरी झाल्यावर रीतीप्रमाणे त्यांनी पूर्णगडला दर्भाचा पुतळा करून सुधाचे विधी करवले. त्याच सुमाराला त्या निवृत्त झाल्या. मुलं मिळत नाहीत म्हणून पुढच्या वर्षापासून कॉलेजने तर्कशास्त्र बंद केलं. "कशावरून मिळत नाहीत?" असं त्यांनी विचारलं नाही, फक्त आपला डस्टर घरी घेऊन आल्या. मग दोन वर्षांनी पोटाचं दुखणं निघालं आणि सहा महिन्यांत सगळं आटपलं. डॉक्टरांनी शंभरातले इतके वाचतात वगैरे सांगितलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "त्यांनी शंभर बघितलेत. मी एकच आहे. पण त्यांचं बरोबर असणार गो." शेवटच्या आठवड्यात रेखावहिनी खेडहून येऊन राहिली. कुंदाताई गेल्या तेव्हा त्यांचा एक हात तिच्या हातात होता, एक माझ्या.

तेराव्यानंतर रेखावहिनी निघाली. घर आवरून झालं होतं. तिला स्टँडवर सोडायला मी गेले. खेडची गाडी लागायला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो. बरीच वर्षं मनात होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, "वहिनी, त्या कागदावरून मी ताईंना तसं विचारायला नको होतं, असं अजून वाटतं मला. पण तुझी आठ वर्षं वाट बघण्यात गेली, आणखी किती गेली असती..."

"मी वाट नव्हते बघत," ती म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"ते गेले ते मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. होडी बंदराला लागली की पाय जमिनीवर टेकायच्या आधी मला मिस्ड कॉल द्यायचे. दोन वर्षांत एकदा पण चुकले नाय. फोन भिजला तर दुसऱ्याच्या फोनवरून. जिते असते तर कुठूनही दिला असता. तीन दीस नाय आला, म्हणजे नाय."

"मग तू आठ वर्षं का थांबलीस? मावशी आधीही मागे लागली असेल."

"लागली होती." तिने पदराने तोंड पुसलं. "मी गेले असते तर ताईंबरोबर वाट बघायला कोण राहिलं असतं? एकट्या माणसाने वाट बघायची म्हणजे येडं व्हायची पाळी. त्या बघत होत्या तोवर मी बसले त्यांच्या बाजूला. त्यांनी सोडली, मग मी निघाले."

"हे त्यांना कधी सांगितलंस?"

"नाय. त्यांना वाटायचं, त्या मला सांभाळतायत. वाटू दे."

गाडी लागली. तिने माझ्या हाताला हात लावला, पिशवी उचलली आणि चढली. मी गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले, मग चालत घरी आले. वाटेत डोकं आपोआप मांडायला लागलं होतं. जिते असते तर कळवलं असतं, कळवलं नाही, म्हणून जिते नाहीत. कुंदाताईंच्या तीन ओळींची हीच बांधणी. दोघींची पहिली ओळ बहुधाचीच: एकीने ती साऱ्या वाड्याकडून घेतली, दुसरीने एका माणसाला दोन वर्षं बघून. एकीचा तर्क भावाला जगवत राहिला, दुसरीला नवरा गेल्याचं तिसऱ्या दिवशी सांगून गेला. मग रेखावहिनीचं ते बरोबर कशावरून? दोन वर्षं पुरतात का? एकच माणूस पुरतो का?

जिना चढून मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि बेल वाजवायला हात उचलला. त्या गेल्या हे मला पक्कं माहीत होतं, तेरा दिवसांपूर्वी मीच त्यांचा हात धरून बसले होते. हात तसाच थांबला. मला फक्त त्यांना सांगायचं होतं की ताई, आठ वर्षं तुमच्या शेजारी कोणीतरी तुमच्यासाठी बसलं होतं.